वरच्या थरातली जागा

टाकीतली झाडं मुळं धरायला लागली त्याच आठवड्यात मधुकरराव शिराळकर टाकीत राहायला गेले. रविवार होता. कुमुद सकाळचा चहा घेऊन हॉलमध्ये आली तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती, चष्मा टाकीच्या झाकणावर घडी घालून ठेवलेला होता आणि ते स्वतः आत, पाण्यात, लाकडाच्या ओंडक्याच्या आडोशाला एका चपट्या दगडावर बसले होते. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. उंची फार तर दीड इंच.

“चहा?” कुमुदने काचेजवळ वाकून विचारलं.

त्यांनी मान हलवली. नको.

मग दोन्ही कप तिनेच संपवले. केलेला चहा ओतून द्यायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि नवरा टाकीत गेला म्हणून आरडाओरडा करण्याइतकं त्राण सकाळी सकाळी कुणाच्या अंगात असतं?

खरं तर त्यांचा ओढा तिकडेच आहे हे तिला बरेच दिवस दिसत होतं. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात मधुकररावांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर ते वर्षभर खिडकीशी नुसते बसून राहिले. मुलगी अनघा बंगळूरला. बाबांना काहीतरी विरंगुळा हवा म्हणून तिने ही दोन फुटी काचेची टाकी सांगलीला पाठवली, आणि बसलेला माणूस उठून कामाला लागला. तळाला काळी माती, तिच्यावर वाळू, मध्ये तो वेडावाकडा ओंडका, ओंडक्याच्या खाचांतून रुंद पानांची झाडं आणि मागे उंच, गवतासारखी पाती. जेवताना कुमुदला सांगायचे, की तळाला फिरणारे मासे वेगळे, मधल्या थरातले वेगळे आणि वरच्या थरातले वेगळे, असे तिन्ही थर भरले म्हणजे टाकी पुरी झाली. कुमुद हूं म्हणून भाजी वाढायची. दुकानातल्या बाईने मात्र बजावलं होतं, की मासे इतक्यात नकोत, आधी पाणी मुरू द्या. थांबणं मधुकररावांना कधी जमलं नाही. घरातलं थांबण्याचं खातं कुमुदकडे होतं.

आणि गाठी सोडण्याचंही. मिठाईच्या खोक्याची सुतळी असो, लोणच्याच्या बरणीचं झाकण असो, की पायजम्याची आत गेलेली नाडी असो, मधुकरराव ती वस्तू हातात धरायचे आणि कुणाकडेही न बघता, नुसतं घराच्या दिशेने तोंड करून म्हणायचे, “अगं, एवढं जरा...” वाक्य पुरं करायची त्यांना कधी गरज पडली नाही. कुमुद असेल तिथून हात पुसत यायची.

दुपारी तिने अनघाला फोन केला.

“बाबा टाकीत गेलेत.”

“कधी?”

“सकाळी.”

“जेवले का?”

“नको म्हणतात.”

“असू दे. कंटाळा आला की येतील बाहेर,” अनघा म्हणाली. “तू चिडू नकोस हं त्यांच्यावर.”

कुमुद चिडली नव्हती. चिडायलाही थोडी उभारी लागते. ती खुर्चीवर बसून त्यांच्याकडे बघत राहिली. ते पाण्यात हात मागे बांधून फेऱ्या मारत होते, अगदी गच्चीवर मारायचे तशा.

दोन-चार दिवसांनी त्यांच्या खाणाखुणा सुरू झाल्या. दोन्ही तळवे जुळवून ते हात पुढे नागमोडी न्यायचे. मासे. मग बोटाने टाकीच्या मधल्या भागाकडे, मग तळाकडे, मग वर. काचेतून त्यांचा आवाज येत नव्हता, पण एवढ्या वर्षांच्या संसारानंतर आवाजाची तशी गरज नसते. कुमुदने पिशवी घेतली आणि ती निघाली.

मगदूमबाईंचं दुकान स्टँडमागच्या बोळात होतं. आत भर दुपारीही निळसर उजेड आणि पंपांची घरघर. मगदूमबाई कुमुदपेक्षा दहाएक वर्षांनी लहान असतील, पण चेहऱ्यावरून तिच्याहून दमलेल्या दिसायच्या.

“टाकीत आधी कोन हाय?” हातातली जाळी खाली ठेवत त्यांनी विचारलं.

“आमचे हे.”

“किती इंच?”

“दीड असतील.”

“मग एंजल न्हाई चालायचा. तोंडात मावंल ते खातोय त्यो. गोल्डफिश झाडं उपटतोय. टायगर बार्ब चावरा, अंगावर पायजमा ठिवायचा न्हाई.”

“एखादा गरीब स्वभावाचा द्या.”

“एखादा करून भागत न्हाई काकू. गरीब मासा एकटा ठिवला की झुरतोय. घोळका लागतो.” मगदूमबाईंनी पदराने मान पुसली. “आनि एक ध्यानात ठिवा. तिन्ही थर भरले की टाकी बसती. एकदा बसली की आतल्याला भायेर काढायचं न्हाई. भायेरची हवा सोसत न्हाई मग.”

“आणि भरेपर्यंत?”

“भरेपर्यंत मनात आलं तर येतंय मानूस भायेर.” त्यांनी मागच्या मोठ्या टाकीकडे हनुवटी केली. “आमचे मालक हाईत की त्यात.”

कुमुदने वाकून बघितलं. टाकीचा वरचा सगळा भाग हिरव्या शेवाळाने झाकला होता. खाली, जिथे काच अजून थोडी स्वच्छ होती, तिथे पांढरी टोपी घातलेला एक इवलासा माणूस उकिडवा बसला होता.

“येतात का बाहेर?”

“अजून न्हाई आले.”

कुमुद त्या दिवशी रिकाम्या हाताने घरी आली. वाटेत तिने मनाशी एक गोष्ट पक्की केली: घाई करायची नाही. निवड जितकी लांबेल तितकं बरं. जोवर एक जरी थर रिकामा आहे तोवर दार उघडं आहे. माणूस कसाही असला, हेकट, नाक मुरडणारा, टॉवेल पलंगावर टाकणारा, तरी तो तिला समोरच्या खुर्चीत हवा होता. रिकाम्या खुर्चीशी तिला बोलता येईना.

एक गोष्ट तिच्या बाजूने होती. मधुकररावांना काही पसंत पडणं ही साधी गोष्ट नव्हती. हॉलच्या पडद्यांचं कापड घेताना त्यांनी दुकानातले सगळे तागे उलगडायला लावले होते आणि शेवटी पडदे न घेताच तिला घरी आणलं होतं. कुमुद मासे आणायची, पिशवी काचेला लावून दाखवायची आणि ते आतून बघायचे. गप्पी आणले, तर शेपट्या फार भडक. मॉली आणले, तर फार काळे. काचेसारखे आरपार दिसणारे कुठले तरी आणले, तर त्यांची हाडं मोजून झाल्यावर त्यांनी असं तोंड केलं की कुमुद पिशवी घेऊन तशीच मागे फिरली. जन्मात पहिल्यांदाच तिला त्यांच्या चिकित्सेचं बरं वाटलं. अशाने काही ही टाकी भरत नाही, ती मनात म्हणायची, आणि रिक्षात डोळे मिटून घ्यायची. ये-जा करून तिचे पाय भरून यायचे.

निऑन टेट्रा मात्र त्यांना बघताक्षणी आवडले. अंगावर निळी रेघ, खाली लाल, आणि सगळा घोळका एकदम वळायचा. मधुकररावांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा आवाज आला नाही, पण पाण्यात बारीक बुडबुडे उठले. आता नाही म्हणणं कुमुदच्या जिवावर आलं. मगदूमबाईंनी शिकवल्याप्रमाणे तिने दिवा बंद केला, झाकण काढलं, फुगलेली पिशवी तशीच बंद पाण्यावर ठेवली आणि शेजारी बसून राहिली. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं व्हायला वेळ द्यावा लागतो. घाई केली की मासा दगावतो. पाणी सारखं झाल्यावर तिने गाठ सोडली आणि पिशवी कलती केली. मासे एकेक करून निसटले आणि मधला थर भरला.

दुसऱ्या दिवशी मागची खोली लांबीला कमी झाली होती. पलंगाचं पायथ्याकडचं टोक भिंतीत गेलं होतं. कुमुदने गादी गुंडाळून हॉलमध्ये आणली. झाडायला तेवढं कमी, एवढंच तिच्या मनात आलं.

पुढची चूक तिचीच, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती.

माणसाला उपाशी ठेवायचं, ही कल्पना कुमुदला सोसत नव्हती. पाहुण्याने ‘पुरे’ म्हटलं की त्याच्या पानात आणखी एक पोळी पडायची अशा घरात ती वाढली, आणि तशाच घरात तिने संसार केला. झाडं लावायचा लांब चिमटा होता. त्यात ती भाताचं एकेक शीत धरायची आणि त्यांच्या दगडाशी नेऊन सोडायची. मधुकरराव दोन्ही हातांनी शीत धरून कलिंगडाच्या फोडीसारखं खायचे. मग पोटावर हात ठेवून दाखवायचे, की पुरे.

“एकच आणखी,” कुमुद म्हणायची. “बरं, अर्धं. माझ्यासाठी.”

वर वरणाचा एक थेंब. चतुर्थीला मोदकाची एक कळी. ते हात आडवे धरून ओंडक्यामागे पळायचे आणि ती चिमटा घेऊन दुसऱ्या बाजूने गाठायची. पाण्यात का होईना, जेवायला वाढताना तिला थोडं पूर्वीसारखं वाटायचं.

एका दुपारी टाकीतलं पाणी ताकासारखं पांढरं झालं. आत काहीच दिसेना. टेट्रा वर येऊन तोंडं उघडत होते. कुमुदने काचेवर टकटक केलं, मग हाक मारली, मग बाही वर करून हात आत घातला आणि वाळू चाचपली. बोटांना मऊ, बुळबुळीत भात लागला. मधुकरराव लागले नाहीत. घरातल्या सपाता घालूनच ती दुकानात पोचली.

“खायला किती घालता?” मगदूमबाईंनी विचारलं.

“फार नाही. थोडा आग्रह केला.”

“आग्रह.” मगदूमबाईंनी डोळे मिटून घेतले. “काकू, टाकीत आग्रह चालत न्हाई हो. न खाल्लेलं कुजतंय तळाला. आता वेचून खानारे सोडा, मिशावाले. न्हाईतर आतलं मानूस गुदमरतंय.”

“तळाला सोडले तर तो थर भरला.”

“भरला की.”

“मग एकच उरला.”

“व्हय,” मगदूमबाई म्हणाल्या आणि जाळी पाण्यात घातली.

त्यांनी दिलेले मासे ठेंगणे, मातकट रंगाचे आणि तोंडाशी मिशा असलेले होते. कोरी म्हणतात त्यांना. दाखवायचं कुणाला, पसंती घ्यायची कुणाची? कुमुदने पिशवी त्या पांढऱ्या पाण्यावर ठेवली. पाणी सारखं होईपर्यंत थांबताना तिला स्वतःचा इतका राग आला की ती मोठ्याने म्हणाली, “काय गरज होती गं तुला?” मग गाठ सोडली. उन्हं कलेपर्यंत पाणी निवळलं. मधुकरराव ओंडक्याच्या सगळ्यात उंच टोकावर नाक दाबून बसले होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं, आमटी खारट झाली की बघायचे तसंच. मग खाली उतरून त्यांनी मिशावाल्या माशांभोवती एक चक्कर मारली आणि मान डोलावली. तिने न विचारता आणलेली वस्तू त्यांनी नावं न ठेवता ठेवून घेतल्याची ही पहिलीच वेळ. कुमुदला त्याचंही बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचं वाईट वाटलं.

सकाळी स्वयंपाकघर शेगडी आणि एका माणसाने उभं राहण्याएवढं उरलं होतं. मांडणीचा डाळीचे डबे असलेला भाग भिंतीपलीकडे गेला होता. मागची खोली तर आता कपाटाएवढीच होती. कुमुदने एक पातेलं, एक ताटली आणि चहाचा डबा हॉलमध्ये आणून खुर्चीखाली ठेवला.

त्या दुपारी तिने ठरवून त्यांना बोलवलं. काचेजवळ खुर्ची ओढली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “अहो.”

टेट्रांचा सगळा घोळका एकदम वळला आणि काचेपाशी आला. तळाच्या माशांनी मिशा वर केल्या. सगळे तिच्याकडे बघत होते. जन्मभर या घरात तो शब्द एकाच माणसाचा होता. तो माणूस पाठमोरा बसून एका रोपाच्या मुळाशी वाळू लोटत होता. सगळ्यांत शेवटी तो वळला.

“अहो, या ना आता बाहेर,” कुमुद म्हणाली. “पुरे झालं. घर बघा केवढं राहिलंय. मला एकटीला बसवत नाही हो.”

मधुकररावांनी तळवा दाखवला. थांब जरा. मग बोट वर केलं. वरचा थर. एवढं झालं की. त्यांच्या चेहऱ्यावर ऑफिसातून उशिरा यायच्या दिवशी असायचा तसा भाव होता, हातातलं काम संपवूनच उठणार. तिन्ही थर भरल्यावर बाहेर येता येत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं, की ठाऊक असूनच ते सांगत होते, हे कुमुदला कधीच कळलं नाही. तिला रडू आलं. टेट्रा काचेपाशी थांबून बघत होते, म्हणून तिने ते आवरलं.

मग काही आणायचंच नाही, असं तिने करून पाहिलं. पण मधुकरराव खाईनात. सकाळपासून मान मागे टाकून ते वरच्या रिकाम्या पाण्याकडे बघत उभे राहायचे. बनियन ढगळ झालं, पायजमा कमरेत मुठीने धरावा लागायला लागला. असा माणूस किती दिवस बघवणार? कुमुद पुन्हा दुकानाच्या वाऱ्या करू लागली. वरून पोहणारे, कुऱ्हाडीच्या पात्यासारख्या पोटाचे मासे आणले. त्यांनी पिशवीतच उड्या मारल्या. मधुकररावांनी कानांवर हात ठेवले. लांब झुबकेदार शेपटीचा फायटर आणला. त्याच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. कुमुदचा जीव टांगणीला लागला. मग त्यांनी मान हलवली. नको. ती पिशवी परत घेऊन गेली, दुसरी घेऊन आली. नको. रिक्षावाले तिला पत्ता विचारेनासे झाले. दमणं म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे असं तिला वाटत होतं. पण त्याच्या खाली आणखी एक मजला होता आणि ती आता तिथे उतरली होती.

शेवटी एका सकाळी तिने हातातली पिशवी खाली ठेवली आणि कपाळ काचेला टेकलं.

“मग हवंय तरी कोण तुम्हाला?”

मधुकररावांनी बोट उचललं. ते वर नव्हतं, पिशवीकडेही नव्हतं. कुमुदने मागे वळून बघितलं. मागची भिंत एव्हाना खुर्चीच्या पाठीशी आली होती आणि तिच्यावर फक्त एक जुनं कॅलेंडर होतं. तिने कॅलेंडरकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली. नाही. त्यांचं बोट जिथे होतं तिथेच राहिलं.

“मी?”

त्यांनी मान डोलावली.

लपवण्यात अर्थ नाही, कुमुदला आनंद झाला. लाज वाटावी इतका झाला. या माणसाने तिच्याकडे आयुष्यभर चहा मागितला, टॉवेल मागितला, सापडत नसलेला चष्मा मागितला. तिला मागितलं नव्हतं. लग्नाच्या वेळीसुद्धा होकार त्यांच्या वडिलांनीच कळवला होता. ती खुर्चीत बसली आणि कुणी बघत नसताना, म्हणजे फक्त टेट्रा बघत असताना, तिने केस सारखे केले.

तेवढ्यात अनघाचा फोन आला. आवाज फार लांबून, डबड्यातून यावा तसा येत होता.

“आई, बाबा कसे आहेत?”

“बरे आहेत. मला बोलावतायत.”

“मग जा ना. तुलाही बदल होईल.” मग थोडं थांबून, “आई, तू दमलीस का गं?”

“दमले.”

“पड ना जरा.”

“पडायला जागा राहिली नाही,” कुमुद म्हणाली. अनघा काहीतरी बोलली, पण ते कुमुदपर्यंत पोचलं नाही.

दुकानात मगदूमबाई मोठ्या टाकीची काच पुसत होत्या. शेवाळ आतल्या बाजूने होतं, त्यामुळे पुसून फरक पडत नव्हता, तरी पुसत होत्या.

“वरच्या थराला मीच जावं म्हणते,” कुमुद म्हणाली.

मगदूमबाईंनी तिला नजरेने मापलं. “बसताय,” त्या म्हणाल्या. मग फडकं पिळलं. “जागा रिकामी ठिवायची असंल तरी ठिवता येती. मी ठिवलीय.”

“मग?”

“मग काय. रिकाम्या जागंला शेवाळ धरतंय. आदी रोज दिसायचे. आता कधीमधी टोपी दिसती.”

दोघी थोडा वेळ त्या हिरव्या काचेकडे बघत उभ्या राहिल्या. टोपी दिसली नाही.

“वरच्या थराला काम काय असतं?” कुमुदने विचारलं.

“काम? काय न्हाई. तरंगायचं.”

“पाणी बदलणं, काच पुसणं, ते?”

“ते भायेरच्याचं काम.”

“आणि खायला?”

“वरनं पडतंय की.”

कुमुदने आणखी काही विचारलं नाही. खरं तर तरंगायचं म्हटल्यापासूनचं पुढचं तिने नीट ऐकलंच नव्हतं. तिने डोळे मिटून तो शब्द मनात घोळवला आणि खांदे सैल सोडले. मगदूमबाईंनी मोठी पिशवी झटकून उघडली, एक भाग पाणी भरलं, बाकी हवा, आणि कुमुदला आत जायला हात दिला. आत पाणी कोमट होतं.

“गाठ पक्की मारते,” मगदूमबाई म्हणाल्या. “वाटेत सुटाय नको.” आणि त्यांनी ती दोनदा मारली.

आपण आत असलेली पिशवी कुमुदने स्वतःच हातात घेतली; न्यायला दुसरं होतं कोण? रिक्षात ती मांडीवर सरळ धरली, आत हिंदकळायला नको म्हणून. जिने चढून ती वर आली, चपला दाराबाहेर काढल्या, कुलूप उघडलं. घर म्हणजे आता टाकीचं टेबल आणि त्यापुढची खुर्ची एवढंच होतं. तिने झाकणावरचा चष्मा उचलून टेबलाच्या कडेला ठेवला, दिवा बंद केला, झाकण काढलं आणि पिशवी अलगद पाण्यावर सोडली. मग खुर्चीवर बसून ती वाट बघू लागली. वाट बघण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

खुर्चीवरून पिशवी दिसत होती. मग हळूहळू पिशवीतून खुर्ची दिसायला लागली. खुर्ची रिकामी होती.

वर छान होतं. पाठीला कसला भार नव्हता, पाय कुठे टेकत नव्हते. खाली उंच पाती डुलत होती आणि त्यांच्यामधून टेट्रांची निळी रेघ जात-येत होती. आणि आवाज येत होता. पाण्यातून आवाज किती स्वच्छ येतो हे तिला आताच कळत होतं. मधुकरराव बोलत होते. वाळूला मागच्या बाजूने उतार कसा द्यायला हवा होता, हे ते मिशावाल्या माशांना समजावून सांगत होते. मग म्हणाले, आमच्या हिला दाखवायचं होतं हे, पण ती काचेतून ऐकेल तर शपथ. म्हणजे इतके दिवस हा माणूस तिच्याशी बोलत होता.

“अहो,” ती म्हणाली.

या वेळी सगळ्यांत आधी तेच वळले. उंच पात्याला धरून ते वर यायला लागले, मध्येच पायजमा सावरत. टेट्रांनी वाट दिली. ते अगदी पिशवीखाली पोचले आणि त्यांनी प्लॅस्टिकवर तळवा ठेवला. कुमुदने आतून त्यावर आपला तळवा ठेवला. दोन्हीकडचं पाणी आता सारखं होतं. हाताला कळत होतं.

“झालं पाणी सारखं,” ती म्हणाली.

“मग ये की.”

“गाठ आहे.”

मधुकररावांनी वर बघितलं. गाठ पाण्याबाहेर होती, हवेत, दोनदा मारलेली. ते तिच्याकडे बघून हसले, काही काळजी करू नकोस असं. मग कुणाकडेही न बघता त्यांनी घराच्या दिशेने तोंड केलं, जिथे ती खुर्ची होती, आणि म्हणाले, “अगं, एवढं जरा...”